वस्तीला राहिलेला ख्रिस्त

दलित ख्रिस्ती माणसाच्या सामाजिक स्थितीविषयी आपल्याकडे थोडेफार लिहिले गेले आहे. धर्मांतरामागची कारणे, मिशनऱ्यांचे हेतू, सवलतींचा प्रश्न हे विषय अधूनमधून चर्चेत येतात. पण हा माणूस सकाळी उठून ज्याचे नाव घेतो त्याच्याशी त्याचे नाते नेमके कसले आहे, आणि रविवारची उपासना संपल्यावर ते सोमवारपासून शनिवारपर्यंत कशावर टिकते, या प्रश्नाकडे परिवर्तनवादी मंडळी सहसा वळत नाहीत. तो ज्याचा त्याचा खाजगी मामला समजला जातो. मला तो खाजगी वाटत नाही. एखाद्या समाजाचा देव त्याच्याबरोबर कुठे राहतो, हे त्या समाजाला कुठे राहू दिले गेले यापासून वेगळे काढता येत नाही. या लेखात मला एवढीच गोष्ट उलगडून पाहायची आहे.

ख्रिस्ती मंडळीत ‘प्रभूमध्ये राहणे’ असा एक शब्दप्रयोग नेहमी कानावर पडतो. तो योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातून आला आहे. येशू पकडला जाण्यापूर्वीची रात्र आहे, जेवण झाले आहे, आणि तो शिष्यांना द्राक्षवेलीचा दाखला देतो. तो वेल, शिष्य फाटे, आणि देव बागवान. फाटा वेलीला धरून राहिला तर फळ देतो, तुटला तर वाळतो आणि जाळला जातो. या दाखल्यावर आजवर मी निदान शंभर प्रवचने ऐकली असतील. त्यांचा मथितार्थ बहुधा एकच असतो: पहाटे शास्त्र वाचा, प्रार्थना करा, गीत गा, वाईट संगत टाळा, म्हणजे जोड टिकते. हे खोटे नाही. पण अपुरे आहे, आणि पुष्कळदा सोयीचेही आहे.

माझी आई नाशिक जिल्ह्यात द्राक्षाच्या बागेत रोजाने जात असे. त्यामुळे हा दाखला मला पुस्तकाआधी तिच्या हातातून कळला. बागेत फाटा कुणी म्हणत नाही, काडी म्हणतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. पुढच्या फळाची बेगमी एप्रिलनंतर वाढलेल्या काडीत होते आणि ऑक्टोबरनंतर तिच्या डोळ्यांतून घड बाहेर येतो. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला जी पेस्ट लावतात तिने बायांच्या हातांची कातडी सोलवटते. मग घडांची विरळणी. मान वर करून दिवसभर कातरीने मणी काढायचे. बाग एकाची, वेल त्याची, फळ त्याचे, आणि हात आमचे. प्रवचन करणारा बागवानाविषयी बोलतो, वेलीविषयी बोलतो, काडीविषयी बोलतो. दिवसभर मांडवाखाली उभ्या असलेल्या बाईला या दाखल्यात जागा कुठे, हे मला कुणी सांगितले नव्हते.

आणखी एक गोष्ट. छाटलेल्या काड्या आई संध्याकाळी मोळी बांधून घरी आणायची. त्या वाळल्या की चुलीला लागायच्या. शास्त्रात जळणारी काडी ही धमकी आहे. आमच्या घरी तिच्यावर भाकरी भाजत.

ही धमकी एकदा खरोखरच आमच्या घरावर आली. माझ्या वडिलांनी माझे नाव शाळेत घातले तेव्हा धर्माच्या रकान्यात ख्रिस्ती लिहिले. माझ्या चुलत्याने त्याच्या मुलांच्या नावापुढे हिंदू महार लिहिले. दोघे भाऊ, दोघांचा बाप्तिस्मा एकाच पाळकाच्या हातून झालेला, दोघे रविवारी एकाच सतरंजीवर बसून प्रभुभोजनाची भाकर घेत. फरक एवढाच की चुलत्याच्या मुलांना शिष्यवृत्ती आणि वसतिगृह मिळाले, मला मिळाले नाही. पुढे एका रविवारी मंडळीत आलेल्या एका पाळकाने याच दाखल्यावर बोलताना सांगितले की सरकारी कागदावर प्रभूला नाकारणारे लोक म्हणजे वाळलेल्या काड्या आहेत. नाव घेतले नाही. घ्यायची गरज नव्हती, मंडळी लहान होती. चुलता प्रभुभोजनाच्या आधी उठला आणि बाहेर गेला. त्यानंतर तो उपासनेला आला नाही.

माझ्या बौद्ध मित्रांना ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असे ठरवले. 1956 मध्ये त्यात शीख आले, बौद्ध यायला 1990 साल उजाडले. म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतर चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतीसाठी बौद्ध बापाला मुलाच्या कागदावर जुनीच जात आणि जुनाच धर्म लिहिण्याचा मोह किंवा नाइलाज होता. त्या बापांना धम्मातून तुटलेले कुणी म्हटले नाही, आणि ते बरोबरच झाले. या दोन्ही दुरुस्त्यांत दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान आले नाहीत. 1985 साली सुसाई नावाच्या, रस्त्यावर बसून चपला शिवणाऱ्या ख्रिस्ती आदिद्रविडाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. धर्म बदलल्यावरही जातीचे अपंगत्व तितकेच तीव्र राहते याचा पुरावा पुढे ठेवला नाही, असे त्यात म्हटले होते. 2007 मध्ये न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने सवलतीतून धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. 2022 मध्ये न्या. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला गेला. तेव्हा चुलत्याने जे लिहिले ते खोटे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे, पण त्या रकान्यात खरे लिहिण्याची किंमत कुणी ठरवली हेही त्याच दमात सांगावे. आणि माझ्या दाखल्यावरच्या शब्दाला मी शौर्य मानत नाही. त्याची किंमत आईच्या बोटांनी भरली.

पदवीला गेल्यावर मी त्या पंधराव्या अध्यायाकडे परत वळलो. श्रद्धेने म्हणा, रागाने म्हणा. ग्रीक मला येत नाही. कोश आणि टीकाग्रंथ यांच्या आधाराने जेवढे कळले तेवढे सांगतो.

‘राहणे’ यासाठी तिथे ‘मेनो’ हे क्रियापद आहे. चौथ्या वचनापासून दहाव्यापर्यंत ते दहा वेळा येते. प्रवचनात हा शब्द फार उंच झाला आहे. समाधी, ध्यान, अंतरंगातील मीलन असे काहीतरी त्याच्याभोवती जमा झाले आहे. मुळात तो मुक्कामाचा साधा शब्द आहे. याच शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात दोन माणसे येशूला विचारतात की तू कुठे राहतोस, आणि तो दिवस त्याच्याकडे राहतात. तिथे हेच क्रियापद आहे. लूकच्या शुभवर्तमानात तो जकातदार जक्कयाला सांगतो की आज मला तुझ्या घरी राहायचे आहे, हेच क्रियापद. पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे त्याला आग्रह करतात की दिवस कलला आहे, आमच्याकडे राहा, पुन्हा तेच. आपल्या खेडेगावच्या भाषेत याला नेमका शब्द आहे. कुणाकडे रात्री थांबणे म्हणजे त्याच्याकडे ‘वस्तीला राहणे’.

आणि ज्यांची घरे गावाच्या वस्तीत कधी धरली गेली नाहीत, त्यांना हा शब्द ऐकताच पहिला प्रश्न सुचतो तो असा: तो वस्तीला कुणाकडे राहिला?

योहानाच्या चौथ्या अध्यायात त्याचे उत्तर आहे. शोमरोनी लोक यहुद्यांच्या दृष्टीने विटाळलेले. सूखार गावाच्या विहिरीवर भर दुपारी येशू दमून बसला आहे. एक शोमरोनी बाई पाण्याला येते आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होऊन विचारते की यहुदी असून तू माझ्याकडे कसे मागतोस. त्यावर लेखक खुलासा करतो की यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. या ठिकाणच्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘एकाच भांड्यातून वापर करीत नसत’ असा काही अभ्यासक करतात, आणि तोच मला पटतो. कारण येशूजवळ पोहरा नाही हे पुढे ती बाईच सांगते. प्यायचे तर तिच्याच भांड्यातून. ज्या समाजाने 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याला या प्रसंगावर भाष्य नको. मात्र महाडला आपण त्यांच्या पाण्यापर्यंत गेलो, आणि इथे तो आपल्या भांड्यापर्यंत आला, हा फरक ध्यानात घ्यावा.

प्रवचने बहुधा इथेच थांबतात. त्या बाईचे पाप आणि तिचा पश्चात्ताप यावर जास्त वेळ जातो. पुढे एक छोटी नोंद आहे तिच्याकडे लक्ष कमी. गावचे शोमरोनी त्याला आपल्याकडे राहण्याची विनंती करतात, आणि तो तिथे दोन दिवस राहतो. क्रियापद तेच, मेनो. म्हणजे पंधराव्या अध्यायात ‘माझ्यात राहा’ असे सांगणारा माणूस चौथ्या अध्यायात विटाळलेल्यांच्या गावी वस्तीला राहून आलेला आहे. त्यांच्या अंथरुणावर निजलेला, त्यांच्या चुलीवरचे खाल्लेला. आधी तो राहिला आहे, आपल्या राहण्याची गोष्ट नंतरची.

पंधराव्या अध्यायातलाच आणखी एक धागा आमच्यासारख्यांना महत्त्वाचा आहे. फाटा ‘छाटणे’ आणि ‘शुद्ध करणे’ यांना तिथे एकच क्रियापद वापरले आहे, आणि लगेच पुढच्या वचनात येशू शिष्यांना सांगतो की त्याने सांगितलेल्या वचनामुळे ते आधीच शुद्ध झालेले आहेत. ‘आधीच’ हा शब्द मला फार मोठा वाटतो. ज्यांना जन्मतः अशुद्ध ठरवले, त्यांना जोडले जाण्यासाठी प्रथम शुद्ध होऊन या असे सांगितलेले नाही. ही मंडळी मच्छीमार होती, जकातदार होती, त्यांतला एक थोड्याच वेळाने त्याला ओळखत नाही असे तीनदा म्हणणार होता. पेत्राने नाकारले ते कागदावर नाही, तोंडाने, शेकोटीपाशी उभे राहून. त्याला कुणी वाळलेली काडी म्हटल्याचे मला आढळलेले नाही.

इथवर आल्यावर बाबासाहेबांना ओलांडून पुढे जाता येत नाही. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयी त्यांनी लिहिलेले निबंध महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात आहेत. त्यांची टीका कठोर आहे आणि आमच्या मंडळीत ती वाचली जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. त्यांचा एक मुद्दा थेट आपल्या विषयाशी भिडतो. अस्पृश्याची दुर्दशा समाजव्यवस्थेमुळे झाली आहे. पण ख्रिस्ती झाल्यावर त्याला शिकवले जाते की माणसाचे पतन त्याच्या स्वतःच्या पापामुळे होते. त्यामुळे बदलायची ती परिस्थिती नव्हे, आपले मन, असे त्याला वाटू लागते आणि त्याच्यातली लढण्याची प्रेरणा विझते. ख्रिस्ती झाल्यावरही जात सुटली नाही, हेही त्यांनी स्पष्टपणे सांगितले आहे.

मी या टीकेला उत्तर देऊ शकत नाही, कारण ती मला खरी वाटते. महार ख्रिस्ती घरातली मुलगी मातंग ख्रिस्ती घरात दिलेली मी आमच्या भागात पाहिलेली नाही. प्रभुभोजनाला पूर्वी एकच प्याला फिरायचा, आता लहान लहान पेले आले आहेत. आरोग्यासाठी म्हणतात. असेलही. पण या टीकेतून मी जो निष्कर्ष काढतो तो असा की अंतरंगातली जोड ही बाहेरच्या राहणीपासून तोडली गेली म्हणूनच ती निष्प्रभ झाली. शास्त्रात ती तशी नाही. वेलीचा दाखला संपता संपता येशू एकमेकांवर प्रीती करण्याची आज्ञा देतो, आणि आज्ञा पाळणे हीच त्याच्यात राहण्याची रीत म्हणून सांगतो. पहाटेची प्रार्थना त्यानंतर येते.

रोजच्या कामात देवाची संगत धरण्याविषयी जगभरच्या ख्रिस्ती लोकांत ज्याचे नाव नेहमी निघते तो ब्रदर लॉरेन्स सतराव्या शतकातला. पूर्वीचा सैनिक, पायाने अधू, पॅरिसच्या कार्मेलाइट मठातला साधा सेवक. बरीच वर्षे त्याने मठाच्या स्वयंपाकघरात काम केले, पुढे चपला दुरुस्त केल्या, आणि 1691 मध्ये वारला. त्याची पत्रे आणि संभाषणे मागाहून छापली गेली. वेगळी वेळ काढून केलेली प्रार्थना आणि भांड्यांच्या गोंगाटातले काम यांत त्याला फरक वाटत नसे. हे वाचताना मला आमचा चोखोबा आठवला, रोहिदास आठवले. चपला शिवता शिवता देवाशी बोलणारी माणसे आपल्याला नवीन नाहीत. आणि म्हणूनच मला थोडी धास्तीही वाटते. चोखोबाचा देव त्याच्याबरोबर ढोरे ओढू लागला अशी कथा आपण कौतुकाने सांगतो. ढोरे ओढण्याचे काम चोखोबाकडेच का, हे त्या कथेतला देव विचारत नाही. लॉरेन्सने ते काम व्रत म्हणून पत्करले होते, आमच्यावर ते जन्माने लादले गेले. त्याची साधना दलिताने जशीच्या तशी उचलली तर लादलेले काम गोड लागेल, एवढेच.

मराठी माणूस असलेले धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी 1981 मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये केलेल्या भाषणातून पुढे दलित ख्रिस्ती धर्मचिंतनाची वाट निघाली. येशू स्वतः दलित होता, आणि दलिताला देवाची ओळख त्याच्या वेदनेतून होते, अशी त्यांची मांडणी होती. आपल्या नियतकालिकांनी वेदना आणि विद्रोह हे शब्द साहित्यात रुजवले त्याच सुमारास हा मराठी माणूस तेच शब्द देवळात घेऊन जात होता. त्यांच्याविषयी मराठीत फार कमी लिहिले गेले, असे मला वाटते.

पण हे सारे वाचण्याच्या आधी मी माझी आजी पाहिली होती. तिला अक्षरओळख नव्हती. रेव्हरंड टिळकांची गीते आणि अभंग तिला तोंडपाठ होते, ती दळता-कांडताना म्हणायची. प्रार्थना कुणी शिकवली तशी करायची नाही. चूल पेटवताना ती एकेक नाव घ्यायची: ज्याची म्हैस आटली तो, जिचा नवरा मारतो ती, मुंबईला गेलेला आणि पत्र न पाठवणारा भाचा. नाव घेतले की फुंकणीने एक फुंकर. हे तिचे ध्यान. बायबलमधली वचने तिच्या तोंडी रोजच्या बोलण्यात यायची, कधी चुकीच्या ठिकाणीही.

एकदा मातंग वस्तीतली एक ख्रिस्ती बाई बाळंतपणात अडली. आजी गेली आणि चार रात्री तिच्याकडेच वस्तीला राहिली. तिथेच जेवली. परत आल्यावर आमच्याच मंडळीतल्या दोघा वडीलधाऱ्यांनी आजोबांकडे कुरकुर केली. आजी भांडी घासत होती. ती तिथूनच म्हणाली, “पाळक म्हनतो प्रभू आपल्या घरात ऱ्हातो. मग तिच्या घरात न्हाई व्हय ऱ्हात? का त्यो बी जात इचारून ऱ्हातो?” वडीलधारे चहा न घेता गेले. तो बाईच्या हातचा चहा नको म्हणून की राग म्हणून, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

‘प्रभूमध्ये राहणे’ म्हणजे काय, असे मला विद्यार्थी विचारतात. माझ्या वर्गात ख्रिस्ती मुले-मुली असतात आणि त्यांना व्हॉट्सअपवर रोज सकाळी वचने येतात. मी त्यांना वचने वाचू नका असे सांगत नाही. मी स्वतः वाचतो. पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळावे म्हणून अखेरच्या वर्षांपर्यंत बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये पूर्ण छापून आले. ते वाचायचे नाही तर कशाला? फक्त वाचून झाल्यावर मी एक प्रश्न स्वतःला विचारतो आणि त्यांनाही विचारायला सांगतो: गेल्या आठवड्यात आपण कुणाच्या घरी पाणी प्यालो, आणि कुणाच्या घरी प्यालो नाही? उत्तर पुष्कळदा लाजिरवाणे असते. माझेही असते. नोकरी लागल्यापासून मी शहरातल्या सोसायटीत राहतो, आणि आमच्या जिन्यात झाडायला येणाऱ्या बाईचे आडनाव मला दोन वर्षे माहीत नव्हते.

राहिली गोष्ट चुलत्याची. तो मंडळीत गेला नाही, तेव्हा आजीने रविवारी दुपारची प्रार्थना त्याच्या ओट्यावर सुरू केली. पाळकाला विचारले नाही. दोन-चार घरची माणसे यायची, शेवटी सगळे तिथेच जेवायचे. आजी गेली तरी ती प्रार्थना चालू आहे. गेल्या नाताळात मी गावी गेलो तेव्हा चुलत्याने मला वाचायला सांगितले. मी मुद्दाम योहानाचा चौथा अध्याय काढला. मी ‘दोन दिवस राहिला’ इथवर आलो तेव्हा त्याने हाताने थांबवले आणि विचारले, “जेवला कुनाकडं?”

मी म्हणालो, ते लिहिलेले नाही.

“लिवलं पायजे व्हतं,” तो म्हणाला, आणि मला पुढे वाच म्हणून खूण केली.